आरशासमोर तीनदा

५ ऑक्टोबर, सोमवार

वहिनीचा फोन आला. शनिवारी आपण बायकांनी मिळून बाहेर जेवायला जायचं असं तिने ठरवलंय. "पुरुष नकोत, पोरं नकोत. आपण आपल्याच," म्हणाली. धाकटी मावशी सात वर्षांनी येतेय आणि तिच्याबरोबर तिची मुलगी, म्हणजे आमची कात्री. लहानपणी तिची जीभ फार चालायची म्हणून हे नाव पडलं. पुढे तिने खरोखरच केस कापायचं दुकान काढलं, त्यामुळे आता नाव बदलायची सोयच राहिली नाही.

इकडचं तिकडचं झाल्यावर वहिनी हळूच मुद्द्यावर आली. "मोठ्या मावशींचं काय ठरवलंयस?"

मोठी मावशी चौथ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही, गुडघे गेलेत, आणि आता इमारतच दुरुस्तीला काढलीय. महिनाअखेर घर सोडायचं. मग एक तर शहराबाहेरच्या ज्येष्ठांच्या निवासात जायचं, नाहीतर माझ्याकडे यायचं. माझी मागची खोली रिकामी आहे. तिथे सध्या इस्त्रीचं टेबल आणि मी मोठ्या निश्चयाने आणलेली व्यायामाची सायकल अशी दोघं राहतात. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि मला वाढवलं ते मोठ्या मावशीने. तिने लग्न केलं नाही, ते माझ्यामुळे की आधीपासूनच करायचं नव्हतं, हे मी कधी विचारलेलं नाही. त्यामुळे मावशी आता कुठे जाणार हा प्रश्न घरात कोणालाच पडलेला नाही. फक्त मला पडलाय.

"शनिवारी विचारते तिला," म्हटलं.

"विचारायचं काय त्यात," वहिनी म्हणाली.

७ ऑक्टोबर, बुधवार

दुकानात नवा माइक आला होता, तो चार दिवसांसाठी मागून घेतला. बावीस वर्षं श्रवणयंत्रांच्या दुकानात आहे, तेवढा हक्क माझा आहे. कोटाच्या बटणाएवढा आहे, मागे चिमटा. बोलणाऱ्याने कॉलरला लावायचा, की त्याचं बोलणं थेट यंत्र घालणाऱ्याच्या कानात. आजूबाजूचा गोंगाट मधे येत नाही. परवा साहेबांनी यंत्र घालून पाहिलं. मी माइक लावून मागच्या खोलीत गेले, दार लावलं आणि चहा प्यायले. बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, "फुर्र करून पिता तुम्ही, बाई." तीस पावलांपर्यंत चालतो, मधे भिंत असली तरी. त्याचं माहितीपत्रक मीच लिहिलंय.

संध्याकाळी मावशीकडे जाऊन तिच्या यंत्राशी जोडून दिला. चौथ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत माझाच जीव वर आला. मावशी खूश झाली. "एकतीस वर्षं कानाला यंत्र लावूनच बसत होते मी. तुझं हे काय नवीन?" ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. लोक नंबर सांगायचे, ती जोडून द्यायची. लहानपणी ती घरी आली की मी मागे लागायचे, आज काय काय ऐकलंस सांग ना. तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "लाइनवर ऐकलेलं आपलं नसतं. जोडून दिलं की कान काढायचा." मला तेव्हा त्याचा फार राग यायचा. बाकीच्यांच्या घरी गोष्टी सांगायच्या, आमच्याकडे गोष्टी असून बंद.

जिना उतरताना मनात आलं, ही माझ्याकडे राहायला आली तर रोज हे असंच, सगळं ओरडून आणि दोनदा बोलायचं. आणि मग लगेच स्वतःची लाज वाटली. पण आलं मनात, ते आलंच.

११ ऑक्टोबर, रविवार

कालची संध्याकाळ झाली एकदाची. सकाळी उठून चहाआधी लिहायला बसलेय, कारण मन फार हलकं झालंय आणि ते असं हलकं व्हावं का, हेही कळत नाहीये.

खिडकीजवळचं गोल टेबल मिळालं. धाकटी मावशी केस पांढरे ठेवून आलीय आणि त्याबद्दल कात्रीने तिला गाडीत बसल्यापासून छळलं होतं म्हणे. वहिनीने सगळ्यांसाठी सूप मागवलं, कोणाला नको असेल ही शक्यता तिच्या डोक्यात येतच नाही. पाच जणी एकदम बोलायला लागलो. मी माइक आधी टेबलाच्या मधोमध ठेवला, पण चमचे आणि बश्या इतक्या आपटत होत्या की मावशी सारखी दचकायची. म्हणून मग मी तो माझ्या कॉलरला लावला आणि तिच्या समोर बसले. कोणी काही बोललं आणि तिला नीट लागलं नाही, की मी ते पुन्हा म्हणायचं. दुभाषी झाले होते मी नुसती.

आणि एक गंमत झाली. कात्रीने तिच्या एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली. नवऱ्यापासून लपवून केस रंगवणारी बाई आणि बायकोपासून लपवून केस रंगवणारा तिचा नवरा, दोघं एकाच दिवशी एकाच वेळेला शेजारच्या खुर्च्यांत. आम्ही हसलो, आणि मावशीही आमच्याबरोबर हसली. एरवी ती सगळ्यांचं हसून झालं की मग हसते, तेही आमची तोंडं बघून. काल बरोबरीने हसली. मला इतका अभिमान वाटला की मी वहिनीला खूण केली, बघ म्हणून.

आइस्क्रीम यायच्या आधी मी आणि कात्री वॉशरूमला गेलो. स्वयंपाकघराच्या बोळातून पलीकडे आहे. दोन बेसिनं, एक लांब आरसा, एक दिवा गेलेला. कात्रीने ओठ रंगवता रंगवता विचारलं, "मग, मोठी मावशी तुझ्याकडे येणार ना?"

मी म्हटलं, "सगळ्यांसमोर विचारणार आहे आता. ती नाही म्हणेल बहुतेक."

"आणि हो म्हणाली तर?"

तेव्हा मी बोलले. दिवसभर दुकानात घसा फोडायचा आणि घरी येऊन पुन्हा तेच करायचं का, असं काहीतरी. मी विचारलं नाही असं कोणी म्हणायला नको म्हणून विचारतेय, हेही बोलले. आणखीही काही बोलले, ते इथे लिहीत नाही. कात्री हसली. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी कोणाजवळ तरी खरं बोलल्यासारखं वाटलं.

कात्री पुढे गेली. मी मागे राहून आरशासमोर एकदा म्हणून पाहिलं, "मावशी, तू माझ्याकडे ये राहायला." फार घाईत झालं. पुन्हा म्हटलं, तर दुकानात गिऱ्हाइकाशी बोलते तसं झालं, एकेक शब्द सुटा. तिसऱ्या वेळी नीट जमलं. मग केस सारखे केले आणि बाहेर आले.

टेबलाशी येऊन बघते तर मावशीने दोन्ही यंत्रं काढून डबीत ठेवली होती. "बॅटरी गेली," म्हणाली. मला जरा रागच आला. दुपारी मी स्वतः पूर्ण चार्ज करून दिली होती. पण म्हटलं, जाऊ दे. मी तिच्याकडे वाकून सुरुवात केली, "मावशी, मी काय म्हणते..." तर ती म्हणाली, "नको गं. माझं त्या निवासात ठरलंय. फॉर्म भरलाय मी." मी अजून विचारलंही नव्हतं. ओठ वाचायला शिकली वाटतं. नाहीतरी बावीस वर्षांच्या अनुभवाने सांगते, ऐकू न येणारी माणसं चेहऱ्यावरून फार ओळखतात.

धाकटी मावशी म्हणाली, "अगं ताई, घरचं घर असताना?" मोठ्या मावशीला ते ऐकू आलं नाही. वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मी चेहऱ्यावर जेवढं वाईट वाटणं आणता येईल तेवढं आणलं.

मावशीचं आइस्क्रीम तसंच वितळलं. गोड कमी कर म्हणून डॉक्टरांनी सांगितलं असेल. घरी सोडताना मी जिन्यापर्यंत हात धरला, तर म्हणाली, "जाईन मी. सवय आहे."

सुटले. लिहायला नको, पण सुटले.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

वहिनी म्हणाली, मोठी मावशी काल निवासात जाऊन फॉर्म घेऊन आली. मी म्हटलं, आधीच भरला होता ना? वहिनीला माहीत नाही. वय झालं की माणूस एखादी गोष्ट करायची ठरवतं आणि केलीच असं सांगतं. माइक दुकानात परत केला.

१५ ऑक्टोबर, गुरुवार



दुपारी एक आई आपल्या मुलीला घेऊन आली होती. मुलगी चौथीत आहे. तिच्या वर्गात बाई असाच माइक लावून शिकवतात. मुलगी इतकी खुशीत होती की खुर्चीवर टिकेना. बाई मधल्या सुट्टीत माइक काढायला विसरल्या आणि ही मैदानावर झोपाळ्यावर बसून सगळं ऐकत राहिली. बाईंनी नाक कसं शिंकरलं, फोनवर नवऱ्याला "तुझ्या आईला तूच सांग" असं कसं म्हणाल्या, सगळं तिने नकला करून दाखवलं. साहेब खोलीतून बाहेर आले हसत. मीही हसत होते. तिच्या आईला म्हटलं, "असं होतंच हो. म्हणून तर आम्ही माहितीपत्रकात पहिलंच वाक्य लिहिलंय, की जागेवरून उठताना माइक..."

माझा हात आपोआप कॉलरकडे गेला.

त्या आईने विचारलं, "काय झालं?" साहेबांनी पाण्याचा ग्लास आणून दिला. मुलगी माझ्याकडे बघत होती, तिच्या नकलांचं काय झालं म्हणून.

पहिलंच वाक्य. ठळक अक्षरात. मी लिहिलेलं.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

दुकानात गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं. डोकं दुखत नव्हतं.

रविवारी वहीत "आणखीही काही बोलले" एवढंच लिहून मोकळी झाले होते. वहीतसुद्धा स्वतःला पाठीशी घातलं. तर आता लिहिते. मी म्हणाले, "ती जेवताना मचमच आवाज करते ना, तिला स्वतःला ऐकू येत नाही, ऐकावा लागतो मला. रोज दोन वेळा तो आवाज ऐकायचा म्हटलं तर मीच यंत्रं काढून ठेवीन." यावर कात्री हसली. मग ती म्हणाली, "पण तिने वाढवलं गं तुला." तेव्हा मी म्हणाले, "मी सांगितलं होतं का तिला, वाढव म्हणून?"

आइस्क्रीम तसंच वितळलं होतं. चमचाही ओला नव्हता.

१७ ऑक्टोबर, शनिवार

सकाळपासून एकच आशा धरून बसले होते, की बॅटरी खरंच गेली असेल. किंवा अंतर जास्त असेल. मधे स्वयंपाकघर आहे, भांडी आहेत, भिंती आहेत.

शेवटी दुपारी त्या हॉटेलात गेले. गोल टेबलावर कोणी नव्हतं. तिथून वॉशरूमपर्यंत पावलं मोजत चालले. वेटरने विचारलं, काही हरवलंय का? मी म्हटलं, हो. तो बिचारा टेबलाखाली वाकून शोधायला लागला. किती मोठी वस्तू होती, म्हणाला. मी बोटांनी दाखवलं, बटणाएवढी. त्याने खुर्च्या हलवून पाहिल्या आणि मी तशीच उभी राहिले, त्याला थांब म्हणायचंही सुचलं नाही.

बावीस पावलं.

१८ ऑक्टोबर, रविवार

आज गेले होते मावशीकडे.

रस्ताभर वाक्यं तयार करत होते. जिन्यात प्रत्येक मजल्यावर एक वाक्य गळून पडलं आणि दारात पोहोचले तेव्हा "मावशी" एवढंच उरलं होतं. घरात खोकी मांडलेली. ती जमिनीवर उशी घेऊन बसली होती आणि एकेक कप वर्तमानपत्रात गुंडाळत होती. यंत्रं कानात होती. मला बघून नेहमीसारखी म्हणाली, "आलीस? ते झाकण लाव आधी, धूळ येते." मीही समोर बसले आणि कप गुंडाळायला लागले. तोंड उघडायच्या ऐवजी सहा कप गुंडाळले.

मग म्हटलं, "मावशी, त्या दिवशी हॉटेलात..."

"थांब," ती म्हणाली. "आधी माझं ऐक. मला तुझी माफी मागायचीय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"एकतीस वर्षांत जे कधी केलं नाही ते त्या दिवशी केलं मी," ती म्हणाली. "एक्स्चेंजमध्ये एकदा माझ्या बरोबरीच्या मुलीला ऐकताना धरलं होतं. तिला साहेबांनी दोन शब्द बोलायच्या आधी मीच चार बोलले होते. आणि त्या दिवशी तुझं पहिलं वाक्य कानावर आलं, तेव्हा मला कळलं की तू तो माइक काढायला विसरलीस. त्याच क्षणी कान काढायला हवा होता. काढला नाही. रिकामी बशी समोर ठेवून बसून ऐकलं. माझं चुकलं."

ती माझ्याकडे बघत नव्हती. कपाच्या कानात कागद कोंबत होती, तुटू नये म्हणून. आणि मी, जिला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हायला हवं होतं, मी काय विचारावं? "का ऐकत राहिलीस?" असं विचारलं. म्हणजे जणू जाब विचारला.

तिने तो कप खोक्यात ठेवला. "कात्री गेली, तेव्हा काढणारच होते. तर तू म्हणालीस, माझ्याकडे ये म्हणून. मला वाटलं, कोणाशी बोलतेय? मग कळलं, एकटीच आहेस. पहिल्यांदा घाईत म्हणालीस. दुसऱ्यांदा दुकानातल्यासारखं म्हणालीस. तिसऱ्यांदा..."

पुढचा कप तिने उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"तिसऱ्यांदा छान म्हणालीस. लहानपणी मी कामाला निघाले की जिन्यातून 'लवकर ये' म्हणायचीस ना, तसं. त्याला मी हो म्हटलं असतं. तेवढं ऐकलं आणि मग काढलं. टेबलावरचं चौथं मला ऐकायचं नव्हतं."

मी रडले. तिने मला रडू दिलं. जवळ घेतलं नाही, आणि दूरही केलं नाही. माझं तोंड फाटकं आहे, मला मारलंस तरी चालेल, मी असं बोलायला नको होतं, असं मी काय काय बोलले. ती म्हणाली, "बोलायला नको होतं असं नाही. मी ऐकायला नको होतं. तू बोललीस ते कात्रीशी बोललीस. लाइनवरचं आपलं नसतं." आणि थोड्या वेळाने म्हणाली, "जेवताना आवाज होतो ते मात्र बरं झालं कळलं. तिथे निवासात सगळी माणसं एका टेबलावर बसतात."

यापेक्षा तिने खरंच मारायला हवं होतं.

मग ती म्हणाली, "हा कागद फार कडकड वाजतो गं कानात." तिने दोन्ही यंत्रं काढून डबीत ठेवली, डबी खिडकीत ठेवली आणि माझ्याकडे पाठ करून कपाटातल्या बश्या काढायला लागली. पाठीमागून ती किती लहान दिसते. मी बघत राहिले. आणि म्हटलं, "मावशी, तू माझ्याकडे ये."

मोठ्याने म्हटलं नाही, हळूही म्हटलं नाही. ती बश्या काढत राहिली. चार काढल्या, एक पुसली. मग मी जागेवरून हलले असेन, कारण तिने वळून पाहिलं.

"काही म्हणालीस?"

डबी खिडकीत होती. हात लांब केला असता तर मिळाली असती.

"दोरी कुठेय?" मी तोंड मोठं उघडून, एकेक शब्द सुटा करत म्हटलं. बावीस वर्षं लोकांना शिकवतेय, तसं.

तिने उठून टेबलाच्या खणातली दोरी काढली आणि माझ्या हातात दिली. आम्ही खोकी बांधली. ती गाठ मारताना मी बोट ठेवत होते.

२५ ऑक्टोबर, रविवार

काल मावशीला निवासात पोहोचवलं. वहिनी आणि मी. खोली चांगली आहे, उजेड आहे, खिडकीतून झाडं दिसतात. तळमजला. दुपारी तिथे सगळ्यांबरोबर जेवलो. मावशी तोंड घट्ट मिटून, हळू हळू जेवत होती आणि मधून मधून माझ्याकडे बघत होती, आवाज येतोय का म्हणून. मी मान हलवली, नाही येत. शेजारच्या बाई तिला म्हणाल्या, तुमची मुलगी का? ती म्हणाली, भाची. आणि मग म्हणाली, मुलगीच.

मागच्या रविवारपासून एकच गोष्ट ठरवता येत नाहीये. तिला ऐकू येत नव्हतं म्हणून मी ते म्हणाले, की म्हणायचंच होतं म्हणून म्हणाले? खरंच म्हणायचं होतं तर डबी दोन हातांवर होती.

आज सकाळी बाथरूमच्या आरशासमोर उभी राहिले. मला ते तिसरं हवं होतं. कसं म्हटलं होतं, आवाज कुठे वर गेला होता, कुठे थांबले होते. एकदा जमलं तर फोन तरी करता येईल. पाच-सहा वेळा म्हणून पाहिलं. दर वेळी दुकानातल्यासारखंच झालं.